पहिला रिमांड आणि त्यानंतरचं सगळं: फौजदारी बचावात नव्याने येणाऱ्या वकिलांसाठी

फौजदारीतला पहिला फोन बहुधा शनिवारी रात्री येतो. सीनियर गावाला गेलेले असतात आणि पलीकडून कुणाची तरी आई नाहीतर मेव्हणा बोलत असतो, "साहेब, पोराला चौकशीला नेलंय, अजून सोडलं नाही." मी जिल्हा कोर्टात आणि अधूनमधून तालुक्याला आरोपीच्या बाजूने उभा राहतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअर पोरापोरींना वर्षभर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत असतो, तेच इथे सलग लिहितोय. कलमं पुस्तकात मिळतात. कोणतं कलम कोणत्या दिवशी आणि कोणत्या टेबलावर वापरायचं, ते मात्र दोनचार वर्षं हात पोळल्यावर कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पोलिसांकडे लिहायला माणसं असतात, स्टेशन डायरी असते, केस डायरी असते. आरोपीच्या बाजूने जे घडतं ते मात्र कुणीच लिहून ठेवत नाही. त्याला खरोखर किती वाजता उचललं, अटकेची कारणं दिली की नाही, पाठीवरचा वळ कधीचा आहे, हे तुम्ही अर्ज देऊन रेकॉर्डवर आणलं नाही, तर दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी त्याचा मागमूस उरत नाही. म्हणून तोंडाने भांडण कमी आणि कागद जास्त.

कोट चढवण्याआधी: दोन पुस्तकांचा संसार

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. १८६०ची भारतीय दंड संहिता, १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा गेले, पण जुन्या खटल्यांतून अजून गेलेले नाहीत. गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर शिक्षेची कलमं जुनीच लागतात, मग फिर्याद काल दाखल झालेली असो. चालू असलेल्या जुन्या खटल्यांची कार्यपद्धतीही बीएनएसएसच्या कलम ५३१मुळे जुन्याच कायद्याने चालते. म्हणजे पुढची निदान दहाएक वर्षं आपल्याला दोन्ही पुस्तकं बाळगायची आहेत. पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं 'कलम' म्हटलंय, ते बीएनएसएसचं समजा.

कोणताही कागद हातात आला की आधी घटनेची तारीख पाहा, मग कलम. जुन्या दंड संहितेच्या कलमांना नव्या न्याय संहितेत कोणता आकडा आला याचा तक्ता करून डायरीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाका: ३०२चं १०३, ३०७चं १०९, ३७९चं ३०३, ४२०चं ३१८(४), ४९८अचं ८५. पक्षकार जुनेच आकडे सांगणार. बोलण्यातला 'चारशेवीस' काही संसदेच्या कायद्याने बदलत नाही.

पायरी पहिली: फोनवर

रडणाऱ्या माणसाला धीर द्या, पण फोन ठेवण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या. कोणतं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर कळला आहे का, घरातून कोणत्या वेळी आणि कुणासमोर नेलं, आणि त्याला काही आजार किंवा रोजचं औषध आहे का. यातली तिसरी सगळ्यात मोलाची. राज्यघटनेचं कलम २२(२) आणि बीएनएसएसचं कलम ५८ सांगतं की अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं. प्रत्यक्षात माणूस सकाळी नऊला नेलेला असतो आणि अटक पंचनाम्यावर वेळ पडते रात्री अकराची. मधले चौदा तास 'चौकशी' असतात.

नातेवाइकाला तेव्हाच सांगा की घराजवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर आजच्या आज त्याची कॉपी घ्या, आठवड्याभरात ती पुसली जाते. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी पहिल्याच रिमांडला, म्हणजे आरोपीला कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हा, वेगळा अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवण्याचे आदेश व्हावेत. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२०मध्ये दिले आहेत. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर ते लेखी येऊ द्या. तेही पुढे कामाला येतं.

अजून अटक झाली नसेल आणि गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर कलम ३५(३)च्या नोटिशीचा विचार आधी करा. अर्नेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४पासून, अशा गुन्ह्यात अटक का हवी हे पोलिसांना सांगावं लागतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस रीतसर आली असेल तर पक्षकाराला ठरल्या वेळी हजर ठेवा. नोटिशीला दांडी मारणं म्हणजे अटकेचं कारण आपल्या हाताने लिहून देणं.

पायरी दुसरी: पोलीस ठाण्यात

जाताना दोनतीन कोरी वकीलपत्रं, पेन आणि एक साधा अर्ज न्या. ठाणे अंमलदाराशी आवाज चढवू नका. त्याला वरून हुकूम असतो आणि त्याच्यापुढे चढवलेला आवाज आरोपीच्या अंगावर उतरतो. चौकशीदरम्यान आवडीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, मात्र पूर्ण चौकशीभर शेजारी बसू देत नाही. भेटू दिलं नाही तर अर्ज लिहा, आवकची पोच मागा. पोच नाकारली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

भेट मिळालीच तर पाचदहा मिनिटांच्या वर मिळत नाही. गुन्ह्याची कहाणी तिथे ऐकू नका, भिंतींना कान असतात आणि तिथे तर ते खाकीतले असतात. मार लागला का, कोऱ्या कागदावर सही घेतली का, अटकेची कारणं लेखी दिली का, घरच्यांना कळवलं का, एवढंच विचारा.

यातल्या 'लेखी कारणां'वर गेल्या दोनतीन वर्षांत सगळा खेळ बदललाय. पंकज बन्सल निकालाने ऑक्टोबर २०२३मध्ये ईडीच्या अटकांपुरतं आणि प्रबीर पुरकायस्थ निकालाने मे २०२४मध्ये यूएपीएसाठी (दहशतवादविरोधी कायद्यासाठी) लेखी कारणं सक्तीची केली. मग आपल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून निघालेल्या मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही कायद्याखालचा गुन्हा असो, कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि जागेवर देणं शक्य नसेल तरी रिमांडसाठी हजर करण्याआधी किमान दोन तास द्यायची. तसं झालं नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात फार होतो. भिवंडीत, चाकणला, तारापूरला पकडलेल्या बिहारी किंवा ओडिया मजुराच्या हातात मराठी छापील नमुना देतात आणि खाली त्याचा अंगठा घेतात. त्याला मराठी येत नाही हे रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) आणणं तुमचं काम. आणि पक्षकाराच्या घरच्यांना फुगवून सांगू नका: या मुद्द्यावर सुटका झाली तरी पोलीस नीट कारणं देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात.

पायरी तिसरी: रिमांड

नवा वकील इथे सगळ्यात जास्त घाबरतो आणि सगळ्यात कमी तयारीने येतो. सुट्टीच्या कोर्टात पंधरा आरोपी रांगेत असतात, मॅजिस्ट्रेटसाहेबांना जेवायला जायचं असतं आणि तुमच्या हातात रिमांड रिपोर्ट पडतो तो पुकारा व्हायच्या पाच मिनिटं आधी. तेवढ्यात पाहायचं काय?

शेवटचा परिच्छेद आधी वाचा. पोलीस कोठडी कशासाठी हवी ते तिथे असतं. "गुन्ह्यात आणखी साथीदार आहेत का याचा तपास करणे आहे, मुद्देमाल हस्तगत करणे आहे, आरोपी तपासात सहकार्य करीत नाही." ही वाक्यं वर्षानुवर्षं तीच आहेत, नुसती नावं बदलतात. प्रत्येक कारणाला एकेक प्रश्न लावा. मुद्देमाल जप्त झाल्याचा पंचनामा आधीच आहे का? फिर्यादीत एकच इसम आहे तर साथीदार कुठून आले? आणि 'सहकार्य करीत नाही' म्हणजे कबूल होत नाही एवढंच असेल, तर घटनेच्या कलम २०(३)खाली तो त्याचा हक्क आहे. युक्तिवाद तीन मिनिटांत आटोपा. सात दिवसांची कोठडी मागितली असताना दोन दिवसांवर आली, तर पहिल्या रिमांडला ती कमाई समजा.

पोलीस कोठडीबाबत नव्या कायद्याने एक मोठा बदल केलाय आणि तो आरोपीच्या सोयीचा नाही. पूर्वी पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच संपायची. आता कलम १८७(२)नुसार ते पंधरा दिवस, गुन्ह्याप्रमाणे, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणून माणूस पोलिसांच्या हातून सुटला असं आता होत नाही. जामिनाच्या वेळी सरकारी वकील उठून म्हणतात की कोठडीचे नऊ दिवस शिल्लक आहेत, जामीन देऊ नये. तेव्हा कलम ४८०(१)चं परंतुक उघडून दाखवा: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकेल, एवढ्या कारणावरून जामीन नाकारता येत नाही. आरोपीने कोर्टाच्या निर्देशांप्रमाणे वागण्याची हमी द्यायची. हे परंतुक मी निदान डझनभर वेळा वाचून दाखवलं असेल आणि समोरच्याला ते नवीन वाटलं नाही असं क्वचित झालं.

मारहाणीची तक्रार असेल तर आरोपीला स्वतः बोलू द्या. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आणि बाजूला तोच हवालदार उभा असतो. तुम्ही हळूच सुचवा की आरोपीला चेंबरमध्ये ऐकावं, वैद्यकीय तपासणी पुन्हा व्हावी. उत्तर काहीही येवो, ते रोजनाम्यात लिहिलं गेलं का ते त्याच दिवशी पाहा. 'तक्रार नाही' असं छापील वाक्य आपोआप पडलेलं असतं, ते मी दोनदा दुरुस्त करून घेतलंय आणि एकदा करून घ्यायला विसरलोय. त्या विसरण्याची किंमत पक्षकाराने मोजली.

पायरी चौथी: दिवस मोजणे

या पायरीला हुशारी लागत नाही, तरी सगळ्यात जास्त हातून सुटते ती हीच. ठरलेल्या मुदतीत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी सगळ्यात ६०. नव्या शब्दरचनेवरून वाद निघतात, म्हणून कलमातली किमान शिक्षा किती तेही पाहून ठेवा. राकेश कुमार पॉल निकालाने २०१७मध्ये भर दिला तो किमान शिक्षेवर. मकोका आणि यूएपीए यांत सरकारी वकिलाच्या अहवालावर मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या) मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० दिवसांची असते आणि अहवालावर एक वर्षापर्यंत वाढू शकते.

मोजणी अटकेपासून होत नाही, पहिल्या रिमांडपासून होते, आणि रिमांडचा दिवस धरायचा. हा घोळ सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कपिल वाधवान प्रकरणात मार्च २०२३मध्ये मिटवला. उदाहरण घ्या. पहिला रिमांड ३ मार्च २०२५चा. तो दिवस पहिला, ३१ मार्च हा एकोणतिसावा, ३० एप्रिल एकोणसाठावा आणि साठावा दिवस १ मे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी. सुट्टीच्या कोर्टात त्या दिवशीही चार्जशीट येऊ शकतं, ते बघून ठेवा. आलं नाही तर २ मेच्या सकाळी कोर्ट बसायच्या आत तुमचा अर्ज फायलिंगच्या खिडकीवर हवा, वर तारीख आणि वेळ घालून. अर्ज आधी पडला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली, की दुपारी चार्जशीट आलं तरी हक्क जात नाही. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१च्या निकालाने ते पक्कं केलंय. पण चार्जशीट आधी आणि अर्ज मागून, तर संपलं.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या रिमांडच्या दिवशीच डायरीत ५८, ६०, ६१ आणि ८८, ९०, ९१ या दिवसांच्या पानांवर लाल शाईने आरोपीचं नाव लिहितो. मोबाईलची घंटा वेगळी, पण मोबाईल कोर्टात बंद असतो.

पायरी पाचवी: जामीन, आणि जामीन मिळाल्यावरही आत राहणारे

अटकपूर्व जामीन कलम ४८२, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयातला नियमित जामीन कलम ४८३. अर्जात आधीचे सगळे फेटाळलेले अर्ज प्रामाणिकपणे लिहा. लपवलेला एक जुना अर्ज पुढच्या दहा चांगल्या मुद्द्यांवर पाणी फिरवतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर उच्च न्यायालयात अर्ज जात नाही, कलम १४अखाली अपील जातं, आणि फिर्यादीला नोटीस द्यावीच लागते. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांची ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे मुंबईची रात्रीची गाडी वाचली, हे या धंद्यातलं अलीकडचं मोठं सुख.

आता अवघड भाग. माझा एक पक्षकार, मोबाईल चोरीचा आरोप, पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊनही अकरा दिवस आतच होता. बायको परभणीकडची, इथे भाड्याच्या खोलीत. सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? तहसीलच्या ऐपतीच्या दाखल्याला आठवडा. बाहेर कोर्टाच्या झाडाखाली 'जामीनदार मिळेल' म्हणत फिरणारे एजंट असतात, त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नका. तोच सातबारा दहा खटल्यांत लागलेला असतो आणि एक दिवस गुन्हा तुमच्या पक्षकारावर दाखल होतो. स्वतः जामीनदार राहणं किंवा जामीनदाराच्या ऐपतीची खात्री देणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मनाईच आहे, कितीही दया आली तरी.

मग करायचं काय? जामीन मंजूर होतानाच रोख जामिनाची परवानगी मागा आणि जामीनदार आणायला मुदत मागा. परिस्थिती गरिबीची असेल तर ती अर्जातच लिहा. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकाला ईमेलने जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. हे निर्देश अर्जाला जोडा. आदेश झाला की ईमेल गेला का हे लिपिकाकडे जाऊन विचारा. २०२१मध्ये मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामिनाच्या कागदांची पेटी साऱ्या देशाला माहीत झाली. संध्याकाळी ती उघडून झाली की पुढची सुटका दुसऱ्या दिवशी.

हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या तुरुंग आकडेवारीत देशात ५,७३,२२० कैदी होते, जागा ४,३६,२६६ जणांची, आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत. कलम ४७९ यांच्यासाठी आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत राहिला तर त्याला जामिनावर सोडायचं, इतरांना अर्ध्या काळानंतर. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, आणि ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही दिला. दोन अडथळे मात्र पाठ करा. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागत नाही, आणि एकाच माणसावर एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर ४७९(२) आडवं येतं. घरफोडीच्या एका टोळीत पोरावर पाच गुन्हे लावलेले असतात, तिथे हे कलम गळून पडतं.

पायरी सहावी: चार्जशीट वाचणे

कलम २३०प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत कागदपत्रांच्या प्रती मिळायला हव्यात. अस्पष्ट झेरॉक्स घेऊन 'प्रती मिळाल्या' अशी सही करू नका. पेन ड्राइव्ह, सीसीटीव्ही, फोनचा डेटा असेल तर त्याची क्लोन प्रत लेखी मागा. मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवजच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये पी. गोपालकृष्णन प्रकरणात म्हटलंय. अपवाद पीडितेच्या खासगीपणाचा.

नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण कलम १०५मध्ये सक्तीचं केलंय, आणि सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद १७६(३)मध्ये आहे. पंचनामा आणि व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून पाहा. पंचनाम्यात दोन पंच सुरुवातीपासून हजर, व्हिडिओत दुसरा पंच शेवटच्या मिनिटाला चहाचा कप घेऊन येतो, असं मी स्वतः पाहिलंय. व्हिडिओच नसेल तर का नाही हे आयओला (तपास अधिकाऱ्याला) विचारायला जागा झाली.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली, दोन भागांत, हॅश व्हॅल्यूसह (फाइलच्या डिजिटल ठशासह). मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने २०२०मध्ये ठरवलं. भाग 'अ' कुणाचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा आहे का, जप्तीच्या वेळची हॅश आणि प्रयोगशाळेतली हॅश जुळते का, एवढं पाहायला संगणक अभियंता व्हावं लागत नाही.

आणखी एक लाल शाईची तारीख: डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपमुक्त करा असा अर्ज. पूर्वी आरोप निश्चितीपर्यंत निवांत असायचं. आता सत्र खटल्यात कमिटल झाल्यापासून (मॅजिस्ट्रेटने खटला सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून) ६० दिवस (कलम २५०) आणि मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट खटल्यात प्रती मिळाल्यापासून ६० दिवस (कलम २६२).

पायरी सातवी: उलटतपास

यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, म्हणून एवढंच. पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी मांडा. साक्षीत आलं पण जबाबात नाही, ते ऑमिशन. दोन्हींत वेगवेगळं, ते काँट्राडिक्शन. साक्षीदाराच्या तोंडून "ही बाब माझ्या जबाबात का लिहिलेली नाही याचे कारण मला सांगता येणार नाही" हे वाक्य आलं की तिथे थांबा. पुढचा प्रश्न विचारलात तर तो कारण सांगेल. मग तेच ऑमिशन आयओच्या उलटतपासात सिद्ध करून घ्या, नाहीतर पहिलं सगळं फुकट. साक्ष टाइप होत असताना पडद्यावर डोळे ठेवा. मराठीत बोललेलं इंग्रजीत उतरताना 'ढकललं'चं 'मारलं' होतं.

पॉक्सोच्या खटल्यात मुलाला प्रश्न थेट विचारायचे नसतात, न्यायाधीशांमार्फत जातात. प्रश्न लिहून न्या आणि साधे लिहा. लेकराला रडवून खटला जिंकता येत नाही, उलट न्यायाधीश तुमच्यापासून तुटतात.

स्वतःला सांभाळणे

"अशा माणसाचं वकीलपत्र घेतलंच कसं?" हा प्रश्न घरी जेवताना येणार. एखाद्या गावात संतापाची लाट उठते आणि वकील संघ ठराव करतो की या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. असे ठराव बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे. २०१२च्या कसाब निकालाने तर पुढे जाऊन मॅजिस्ट्रेटवर बंधन घातलं: पहिल्यांदा हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून द्यायची आणि नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. कोठडीतल्या माणसाला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००.

दुसरी काळजी नवी आहे. जून २०२५मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना त्यांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून समन्स काढलं आणि देशभर गदारोळ झाला. समन्स मागे घेतलं गेलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२मधले अपवाद सोडता तपासयंत्रणा वकिलाला पक्षकाराच्या प्रकरणात बोलावू शकत नाही, आणि अपवाद दाखवायचा तरी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या वरिष्ठाची लेखी संमती हवी. पण हे संरक्षण सल्ल्याला आहे, गुन्ह्याला नाही. म्हणून पक्षकाराचा फोन 'सांभाळायला' ऑफिसात ठेवून घेऊ नका, साक्षीदाराला चहाला बोलावू नका, आणि 'साहेबांना द्यायचे' म्हणून कुणी पाकीट पुढे केलं तर त्याला दारापर्यंत सोडायला जा.

फी ठरवताना पावती द्या. 'सुटलो तर दुप्पट' असा सौदा नियमांत बसत नाही. पहिली दोन वर्षं पैशांची ओढाताण होणार. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात सहायक म्हणून जागा निघते का यावर लक्ष ठेवा. पगार बांधलेला, खासगी वकिली बंद, पण एका वर्षात जेवढे रिमांड आणि उलटतपास तिथे हातून जातात तेवढे माझ्या हातून पाच वर्षांत गेले नव्हते.

निर्दोष सुटल्यावर

पेढे खाऊन पक्षकार निघून जाण्याआधी त्याला थांबवा. कलम ४८१खाली वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठीचं सहा महिन्यांचं जामीनपत्र भरलं का ते पाहा. निकालाच्या दोन सर्टिफाइड कॉपी काढा, एक त्याच्या हातात द्या आणि लॅमिनेट करू नको म्हणून सांगा, शिक्का दिसेनासा होतो. जप्त झालेली त्याची मोटारसायकल किंवा मोबाईल मुद्देमालात असेल तर परतीचा अर्ज द्या, अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. आणि निकालाची एक प्रत पोलीस ठाण्यात आवक करून घ्या. नाहीतर चार वर्षांनी पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार घरी येतो, रजिस्टरमध्ये बघतो आणि म्हणतो, "तुमच्यावर केस आहे."